विस्तवानंतरचे हात

भिमाबाईने दोन्ही हात माझ्यासमोर धरले, तळवे वर करून, आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या त्या भिंगातून पाहा बरं एकडाव. काई दिसते काय?"

मी दुकानाच्या मागच्या दारात उंबऱ्यावर चहा घेत बसलो होतो. सकाळचे आठ वाजले असतील. भुसावळकडची पॅसेंजर नुकतीच सुटली होती आणि मलकापूर स्टेशनाच्या बाजूने कोळशाचा वास येत होता. भिमाबाई मामांच्या या पेढ्याच्या दुकानात भांडी घासते. नऊ वर्षं घासते आहे. आज तिचा घासायचा दगड कोरडा होता, कारण मामांनी काल तिला सांगितलं होतं की उद्यापासून येऊ नको. तरी ती नेहमीच्या वेळेला आली होती. भिंगातून जंतू दिसत नाहीत, एवढं मी तिला सांगायला हवं होतं. ते भिंग वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलचं, फुलातले पुंकेसर मोजण्यापुरतं, दहापट दाखवणारं. जंतूंना हजारपट लागतं. पण मी कप खाली ठेवला, खिशातून भिंग काढलं आणि खरंच तिचे हात पाहू लागलो. का पाहिले ते मला अजून नीट कळलेलं नाही. भेगांच्या कडा पांढऱ्या होत्या, आत राख बसली होती. उजव्या करंगळीवर जुना भाजल्याचा डाग. ओली जखम नाही, सूज नाही, पू नाही. मी कॉलेजात करायचो तशी मनात एकेक नोंद करत गेलो. मग भिंग थोडं हललं आणि काचेच्या कडेला माझाच अंगठा मोठा होऊन आला. नखाच्या मुळाशी नवी गुलाबी कातडी, तिच्यावर उरलेली एक बारीक खपली. मी भिंग मिटवलं.

"काई नाही," मी म्हणालो.

"नाई न? मंग मामाले सांगा."

"सांगतो."

"आज सायेब येऊन राह्यले म्हणते. त्याच्या आधी सांगा. एकडाव कागदावर माहं नाव आलं का मंग स्टेशनावरचा कोणताच हाटेलवाला मले उभी करणार नाई." ती हात पदराला पुसत म्हणाली, "आत्ता तं हाटेलवाले नुसते इचारून राह्यले, काऊन काढलं म्हणून. काय सांगू? मलेच मालूम नाई काऊन काढलं ते."

मला मालूम होतं. किंवा मालूम आहे असं मला अकरा दिवसांपासून वाटत होतं. या दोन्हींत किती अंतर आहे तेच मोजता येत नव्हतं. आमच्या पेढ्यावर मधोमध अंगठ्याचा खळगा असतो. तो फक्त मामांच्या अंगठ्याचा. भगवंतरावांचे पेढे म्हणून लोक ओळखतात ते त्या खळग्यावरून; मोतीराम कारागीर वीस वर्षांचा जुना, पण त्यालासुद्धा पेढा दाबू देत नाहीत. मामा सकाळी अंघोळ करून, हात कोपरापर्यंत धुऊन बसतात आणि एकेका पेढ्यावर अंगठा टेकवतात, जणू प्रत्येकाला स्वतः जबाबदार राहतात. अकरा दिवसांपूर्वी मोताळ्याच्या एका साखरपुड्यासाठी आठ किलो पेढे गेले. दुपारी बारा वाजता वाटले. तीन वाजेपर्यंत तेवीस माणसं ओकत होती. मेलं कोणी नाही. दुसऱ्या दिवशी बहुतेक उठून हिंडू लागले. फक्त रुखमाबाई म्हणून नवरीची आजी, तिला दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावावी लागली. तिथल्या डॉक्टरने बुलडाण्याला पत्र लिहिलं, आणि आता त्या पत्रामुळे आरोग्य खात्याचे साहेब चार वाजता येणार होते.

मी तेव्हा एस.टी.ने मोताळ्याला गेलो होतो. मामांना वाटलं, मी माफी मागायला चाललो आहे. मी घरोघर जाऊन लोकांना एकच गोष्ट विचारत होतो: खाल्ल्यावर किती वेळाने. नवरीचे वडील माणिकराव माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाप्पा, पोरगी पाहुण्याच्या अंगावर ओकली अन् तुले घड्याळ सुचून राह्यलं?" पण त्यांनीच सांगितलं, दीड तास, दोन तास, कोणाला तीन. ताप कोणालाच नव्हता. मी ते वहीत लिहिलं. येताना बसमध्ये खिडकीशी बसून मी त्या आकड्यांकडे पाहत होतो आणि मला आनंद झाला होता. ही गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. तेवीस माणसांच्या उलट्या एका ओळीत नीट बसत होत्या, याचा आनंद. पटकी असती तर वेळ जास्त लागला असता. पोटात जाऊन वाढणारे जंतू दोन तासांत काही करू शकत नाहीत. म्हणजे विष आधीच तयार होतं, पेढ्यातच होतं. बस नांदुऱ्याचा फाटा ओलांडत होती की त्याच्या आधीच, ते आठवत नाही, पण कुठेतरी तिथे माझा उजवा अंगठा ठणकला आणि मी वही बंद केली.

बी.एस्सी. होऊन मला वर्ष होत आलं. अमरावतीला शिकलो, गाव उंद्री. नोकरी मिळेपर्यंत मामांकडे. मामा गिऱ्हाइकांना सांगतात, "हा आमचा भाचा, सायन्सवाला," आणि मग मला साखरेचं पोतं उचलायला लावतात. मोतीराम मला डॉक्टर म्हणतो. दूध उतू गेलं की हाक मारतो, "ओ डाक्टर, या बे, पेशंट चालला वरती." त्याचं हसणं मला आवडतं. त्याच्या हातात अंदाज आहे. कढईतल्या खव्याचा आवाज बदलला की तो खाली उतरवतो, पाहतसुद्धा नाही. मी एकदा त्याला विचारलं, किती अंशांवर उतरवता? तो म्हणाला, "तो बोलला का उतरवतो." त्यावर मी वहीत लिहिलं, आवाज, बुडबुडे मोठे. मला प्रत्येक गोष्टीचे तुकडे पाडून पाहायची सवय आहे. प्रयोगशाळेतल्या सरांनी लावली. ते म्हणायचे, कुठली क्रिया बिघडली की तिच्या पायऱ्या मांडा आणि प्रत्येक पायरीला दोन प्रश्न विचारा: इथे काय शिरू शकतं, आणि पुढे त्याला काय मारतं.

तर काल मी तसा कागद केला. मामांनीच सांगितलं होतं, साहेबांना द्यायला पेढ्याची सगळी रीत सुवाच्य अक्षरात लिहून काढ. काल सकाळीच बाहेरगावच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला होता. मामांनी कपाटातला उरलेला पाव किलोचा पुडा तपासायला पाठवला होता, आणि अहवालात लिहिलं होतं: जंतूंची वाढ आढळली नाही. मामांनी तो कागद देवाजवळ ठेवला, मग परत काढून मला मोठ्याने वाचायला लावला. "माल शुद्ध," ते म्हणाले. "आता माल शुद्ध, तर लोकं कायनं ओकले?" मी अहवालाची घडी घातली. "भांडं," मामा म्हणाले. "माल शुद्ध असन तर भांडं खराब असन. तिसरं काय राह्यलं?" त्यांना पुढचं बोलावं लागलंच नाही. मामी आतून म्हणाली, "म्या तं कधीचं सांगून राह्यली होती." काय सांगत होती ते तिने सांगितलं नाही. संध्याकाळी भिमाबाईला काढलं. मोतीराम भट्टी विझवताना आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "तो पुडा कोण्या दिवसाचा होता ते मामालेच मालूम." मी त्याला विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, "म्हंजे काई नाई, डाक्टर. झोपा."

कागदावर मी आडव्या ओळी आखल्या. दूध येतं. परात घासून जाळावर धरतात. मग दूध कपड्यातून गाळतात. लोखंडी कढईत आटवतात. हा दुधाचा पहिला विस्तव. खवा परातीत काढून थापतात. सुकून तडकू नये म्हणून त्यावर ओलं फडकं टाकतात आणि परात भट्टीच्या कट्ट्यावर उबेला ठेवतात, सकाळपर्यंत. सकाळी साखर घालून परत परततात. हा दुसरा विस्तव. मग वेलदोडा, मग वळणं, मग मामांचा अंगठा. प्रत्येक ओळीसमोर मी एक रकाना ठेवला: हात. कोणाचा हात लागला. आणि तिथे मला एक गोष्ट दिसली, जी मी वर्षभर रोज पाहत होतो. भिमाबाईचा हात मालाला कुठेच लागत नाही. ती मागच्या अंगणात राखेने परात घासते आणि सपाट दगडावर ठेवून चार पावलं मागे सरते. मग आमच्यातला कोणीतरी वरून लोटाभर पाणी ओततो, परात उचलतो, आणि मामा ती पालथी करून भट्टीच्या जाळावर धरतात, पाण्याचे थेंब चरचरून उडेपर्यंत. नऊ वर्षांत हे एक दिवस चुकलेलं नाही. हे सगळं काय म्हणून करतात ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. भिमाबाईचे लोक दहा वर्षांपूर्वी बौद्ध झाले, महाराष्ट्र होऊनही सहा वर्षं झाली, आणि परात अजून जाळावर धरतात. पण रकान्यात ते लिहिताना निघालं असं की सगळ्या दुकानात ती परात हीच सगळ्यांत निर्जंतुक वस्तू आहे. तिचा हात विस्तवाच्या आधी संपतो. विस्तवानंतरचे हात आमचे.

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी मोतीराम सासुरवाडीला गेला होता. खवा मी थापला. मोतीराम थापतो ते लाकडी खुरप्याने. त्याच्या ढिगावर खुरप्याच्या रेघा राहतात. मला त्या रेघा कधी आवडल्या नाहीत. मी खुरपं बाजूला ठेवलं आणि तळहाताने, अंगठ्याने खवा गुळगुळीत केला. फार छान झाला होता. पांढरा, साईसारखा, कडा एकसारख्या. मी तो वाकून पाहिल्याचं मला आठवतं. त्याच्या दोन दिवस आधीपासून माझ्या अंगठ्याला नखुरडं झालं होतं, नखाच्या मुळाशी पू धरला होता. मामीने हळद-तूप गरम करून लावलं होतं आणि जुन्या धोतराची चिंधी बांधली होती. आता मला आठवत नाही ते एवढंच: थापताना चिंधी अंगठ्यावर होती का? एकदा मला दिसतं की होती, आणि खव्यावर कुठेतरी फिकट पिवळा डाग उमटला, तो मी पुसला. एकदा दिसतं की चिंधी दुधाच्या वाफेने सैल झाली म्हणून मी आधीच काढून खिडकीत ठेवली होती, आणि अंगठा उघडा होता. दोन्ही चित्रं सारखीच स्पष्ट आहेत. खिडकीत नंतर चिंधी सापडली नाही. खव्यात पडली असती तर तिथे तरी सापडली असती. पिवळा डाग हळदीचा की दिव्याच्या उजेडाचा? हे ठरवायला मी अकरा दिवस तीच संध्याकाळ पुन्हा पुन्हा चालवून पाहतो आहे, आणि दर वेळी काहीतरी झिजून बदललेलं असतं, जास्त हाताळलेल्या स्लाइडसारखं.

आणि ते पान. कॉलेजच्या लायब्ररीतलं जाड पुस्तक, डाव्या बाजूचं पान, द्राक्षांच्या घोसासारख्या जंतूंचं जांभळं चित्र. खाली लिहिलं होतं की हे फोडात, नखुरड्यात, धडधाकट माणसाच्या नाकातसुद्धा असतात. दुधाच्या पदार्थात उबेला ठेवले तर विष करतात. उकळल्यावर जंतू मरतात आणि विष राहतं. राहतं, हेच लिहिलं होतं ना? अर्धा तास उकळलं तरी, असं काहीसं. ते पुस्तक इथून दीडशे किलोमीटरवर आहे. ते वाक्य खरं असेल तर अहवालही खरा, मामाही खरे, तेवीस माणसंही खरी: सकाळच्या विस्तवाने जंतू मेले, प्रयोगशाळेला काही सापडलं नाही, आणि विष पेढ्यात राहिलं, मामांच्या स्वच्छ अंगठ्याखाली. ते वाक्य मी मनानेच जुळवलं असेल तर मग मला काहीच माहीत नाही. मला स्वतःचाच संशय येत होता. मी हे वाक्य आठवतो आहे की भिमाबाई सुटावी म्हणून रचतो आहे? की उलट, ते नीट आठवत नाही असं म्हणून मीच सुटतो आहे? असतात ते निम्म्या लोकांच्या नाकात. मामांच्या असतील, मोतीरामच्या असतील. भिमाबाईच्या भेगांतही असतील. सिद्ध काहीच होत नाही. पण रकाना मोकळा ठेवता येत नव्हता. थापणे, या ओळीसमोर मी काल काही लिहिलंच नव्हतं. कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि भिमाबाईला काढताना मी दारात उभा होतो.

दुपारी मामांनी मला गल्ल्याशेजारी बसवलं. "सहदेवा, खाली एवढं जोड," ते म्हणाले. "भांडेवाली बाई निष्काळजी होती, तिले कामावरून कमी केलं आहे. तिचा अंगठा घेऊन टाकू."

"तिचा हात लागतच नाही, मामा. तुम्ही तर परात जाळावर धरता."

"म्हणून तं म्हणतो. एखांदे दिवशी धरली नसन."

"त्या दिवशी धरली होती. मीच पाणी ओतलं होतं."

मामा माझ्याकडे पाहत राहिले. ते रागीट नाहीत. त्यांचा आवाज उलट खाली गेला. "मंग कोणाचं नाव लिवतं? माहं लिव. चाळीस वर्षं झाले या अंगठ्याले. लिव, भगवंतरावाचा अंगठा सडला." त्यांनी खरंच अंगठा पुढे केला. स्वच्छ, जाडसर, नख आतपर्यंत कापलेला. मी तो पाहिला आणि मग मीही माझा शेजारी धरला. का, ते शब्दांत आलं नाही. मी फक्त म्हणालो, "नखुरडं होतं, मामा. थापला मी."

मामांनी माझा अंगठा दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवला, बाजारात माल पाहतात तसा. "बरा झाला हा," ते म्हणाले. "आता कायचा पुरावा आहे? कोणं पाह्यलं? तुले नोकरी लागायची आहे, बाप्पा. हे कागदावर गेलं का जलमभर मागं लागन. तिले काय, तिले दुसरं काम भेटन."

"नाही भेटणार. सकाळी ती सांगून राह्यली होती."

"तू तिचं ऐकतं का माहं?"

मी कागद उघडला. थापणे, या ओळीसमोर लिहिलं: सहदेव. अंगठ्यास नखुरडे. पट्टी होती किंवा नव्हती, आठवत नाही. हे शेवटचं वाक्य मी खोडलं, परत लिहिलं. मामा उठून भट्टीकडे गेले. मोतीराम तिथे उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. तो हळूच म्हणाला, "डाक्टर, खुरपं कायले ठेवलं असते बे?" या वेळी तो हसला नाही.

साहेब साडेचारला आले. उन्हाने थकलेला मध्यमवयीन माणूस. पुढे ठेवलेला पेढा त्यांनी एका बोटाने बाजूला सरकवला आणि चहालाही नको म्हणाले. अहवाल वाचला, मग माझा कागद वाचला, मग परत अहवाल. "हे तुम्ही लिहिलं?" मी हो म्हणालो. त्यांनी अंगठा बघायला मागितला. मी दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "यावरून आज काही म्हणता येत नाही." मी म्हणालो, "हो, नाही येत." मी त्यांना विचारलं की उकळल्यावर विष राहतं हे बरोबर आहे का. ते म्हणाले, "वाचल्यासारखं वाटतं," आणि खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांनाही ते पान शोधावं लागत होतं. मग त्यांनी लिहिलं: कारण निश्चित सांगता येत नाही. खवा रात्रभर उबेला ठेवू नये, ओले फडके टाकू नये, हातास जखम असणाऱ्याने मालास हात लावू नये. खाली सही केली. भांडी घासणाऱ्या बाईचा उल्लेख माझ्या कागदात वरच्या एका ओळीत होता, तिथेच राहिला. मामांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. साहेब गेल्यावर ते माझ्याकडे न पाहता मागच्या दाराकडे बोलले, "भिमाबाई, उद्या ये." ती अजून तिथेच होती, सकाळपासून.

साहेबांनी कागदाची नक्कल नेली होती; मूळ कागद घेऊन मी बाहेर गेलो. ती म्हणाली, "माहं नाव कुठीसा लिवलं?" मी दाखवलं. वरून दुसरी ओळ. परात घासणे: भिमाबाई. त्याखाली, विस्तव. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "अन् तुमचं?" मी तिचं बोट न धरता, कागदच थोडा वर सरकवला, म्हणजे तिचं बोट विस्तवाची ओळ ओलांडून खाली माझ्या नावावर आलं. ती त्या अक्षरांकडे पाहत राहिली. वाचता येत नव्हतं तिला, म्हणून मी वाचून दाखवलं, खोडलेल्या वाक्यासकट. आभार मानेल, रागावेल, मी दोन्हींची वाट पाहत होतो.

"अकरा दिसं झाले," ती म्हणाली. "तवाच काऊन नाई बोल्ले, भाऊ?"

मी म्हणालो, "मला नक्की माहीत नव्हतं."

"आता आहे मालूम?"

"नाही."

कोपऱ्यातली आज सकाळपासून पडलेली खव्याची परात तिने ओढली, दगडाशी बसली आणि राख घेऊन घासू लागली. उद्या ये म्हटलं होतं, तरी घासू लागली. घासून झाल्यावर तिने स्वतःच पाणी ओतलं आणि परात दगडावर ठेवली नाही. ती उभी राहिली, चार पावलं मागे सरण्याऐवजी दोन पुढे आली, आणि ओली परात दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरली. आतून मोतीराम काहीतरी म्हणता म्हणता थांबला. परातीत आकाशाचा तुकडा हलत होता आणि काठाला तिचे दोन्ही अंगठे.

"द्या, भिमाबाई," मी म्हणालो आणि हात पुढे केले. आधी ते धुवायला हवे होते, हे परात माझ्याकडे आल्यावर लक्षात आलं.